काडतूस आधी, रायफल नंतर

१९०७ साली कुमाऊंमधल्या चंपावतजवळ जिम कॉर्बेट नरभक्षक वाघिणीच्या मागावर निघाले, तेव्हा त्यांच्याजवळ अवघी तीन काडतुसे होती. फार तर दोन बार काढायला सापडतील, तिसरे अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब. तो चुकला. पहिली गोळी हुकली, पुढच्या दोन लागल्या. वाघीण जखमी होऊनही समोर उभी आणि हातातली रायफल रिकामी. कॉर्बेट धावत तहसीलदाराकडे गेले आणि त्याची बंदूक हिसकावून परतले. त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये सुमारे एक सेंटिमीटरची फट होती. चाप ओढल्यावर इजा वाघिणीला होईल की आपल्याला, याची खात्री नव्हती. वीस फुटांवरून उघड्या जबड्यावर नेम धरून झाडलेली गोळी लागली ती उजव्या पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी.

ही कथा वाघाची गोष्ट म्हणून पुष्कळांनी वाचलेली आहे. शस्त्रांच्या इतिहासाचा पुरावा म्हणून ती वाचली, तर लक्ष वेगळ्याच तपशिलांकडे जाते. त्या दिवशी हाकाऱ्याला २९८ माणसे जमली होती. विनापरवाना हत्यार आणले तरी आपण काणाडोळा करू, लागेल त्याला दारूगोळाही देऊ, असे तहसीलदाराने आधीच सांगून ठेवले होते. मग घराघरांतून जी हत्यारे बाहेर निघाली, ती एखाद्या संग्रहालयाला पुरली असती, असे कॉर्बेट यांनी नोंदवले आहे. वाघिणीच्या नावावर चारशेहून अधिक बळी सांगितले जात. म्हणजे ज्यांची माणसे जात होती, त्यांच्या घरात जुनाट, लपवलेली बंदूक. आणि नीट चालणारी रायफल बाहेरून आलेल्या एका साहेबाच्या हातात. तिच्यासाठीही काडतुसे तीनच.

शिकारी रायफलीविषयी बोलताना आपण बहुधा नळी, दस्ता, बनावटीचे नाव, नक्षी यांविषयी बोलतो. माझे म्हणणे असे, की हिंदुस्थानात अचूक रायफल निवडणे म्हणजे मुळात काडतूस निवडणे होते. आणि ते काडतूस ठरवले शिकाऱ्याने कमी; इथल्या उन्हाने, विलायतेतल्या कारखान्याने आणि सरकारी कायद्याने जास्त.

आधी कारखान्याचे पाहू. ठासणीच्या बंदुकीत शिकारी स्वतः दारू मापून घालत असे. बार कमी-जास्त झाला तर दोष त्याचाच. धातूचे काडतूस आले आणि हे माप त्याच्या हातून गेले. दारू किती, गोळी किती वजनाची, पेटवण कसली, हे सगळे बर्मिंगहॅमला किनॉक कंपनीच्या कारखान्यात ठरू लागले. हौशी माणसे घरी काडतुसे भरत, नाही असे नाही. पण दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याला, चहामळ्यावरच्या व्यवस्थापकाला किंवा संस्थानिकाच्या शिकारखान्याला बंद डब्यातल्या तयार काडतुसांवाचून गत्यंतर नव्हते. त्यामुळे रायफल बनवणारेही आधी कारखान्याची गोळी हातात घेत आणि मग तिच्याभोवती रायफल बसवत.

दुनळी रायफलीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. दोन नळ्या एकमेकींना डाकून बसवताना त्या अगदी समांतर ठेवून चालत नाही. बार उडताना रायफल उसळते; उजव्या नळीच्या बाराने उजवीकडे, डाव्या नळीच्या बाराने डावीकडे. म्हणून नळ्या पुढे किंचित एकमेकींकडे झुकवाव्या लागतात, म्हणजे ठरावीक अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ पडतात. किती झुकवायच्या, हे गणिताने ठरत नसे. कारागीर बार काढून पाही, डाक सैल करी, पाचर सरकवी, पुन्हा बार काढी. हे सगळे एका विशिष्ट दारूमापासाठी आणि एका विशिष्ट वजनाच्या गोळीसाठी. ते माप नळीच्या बुडाशी कोरलेले असे. त्याच रायफलीत दुसऱ्या मापाचे काडतूस घातले, की दोन नळ्या दोन दिशांना मारू लागत. एवढी महागडी वस्तू, पण अचूक ती एकाच प्रकारच्या डब्यापुरती! तो डबा बाजारातून गेला, की तिची अचूकताही गेली.

दुसरी गोष्ट उन्हाची. १८८९मध्ये ब्रिटिशांनी कॉर्डाइट नावाची धूरहीन दारू काढली. काळ्या दारूने नळीपुढे धुराचा पडदा उभा राही, आणि जखमी जनावर त्या पडद्याआड कुठे गेले हे कळत नसे. ती अडचण संपली. मात्र कॉर्डाइट तापमानाला फार संवेदनशील. लंडनमध्ये शहाण्यासारखे वागणारे काडतूस वैशाखात मध्य प्रांतात, उन्हात तापलेल्या पट्ट्यातून काढून घातले, तर नळीतला दाब बराच वाढे. दाब वाढला की गोळीचा वेग बदलतो आणि नेम वर सरकतो. त्याहून वाईट म्हणजे पितळी टोपण आत चिकटून बसते. अडकलेले टोपण आणि समोर वाघ, या स्थितीत रायफल कागदावर कितीही बारीक मारत असली तरी तिचा उपयोग काय? म्हणून उष्ण मुलुखासाठी दारू थोडी कमी घातलेली काडतुसे वेगळी निघू लागली. मोठ्या शिकारीची टोपणे इतकी लांब आणि ऐसपैस दिसतात, त्याचेही कारण हेच. जागा मोठी ठेवली की दाब बेताचा राहतो.

कॉर्बेट यांची चंपावतची रायफलसुद्धा या संक्रमणातलीच. तिचे वर्णन ते ‘.५०० मॉडिफाइड कॉर्डाइट’ असे करतात. अशा रायफली मूळच्या काळ्या दारूच्या ताकदीच्या; त्यांच्यासाठी कारखाने कॉर्डाइटचा सौम्य भरणा असलेली काडतुसे विकत. वरच्या ताकदीचे काडतूस चुकून घातले तर नळीचे काय होईल, ते सांगायला नको. दुकानदाराकडे डब्यावरची चिठ्ठी नीट वाचणे हा त्या काळी शिकारी कौशल्याचाच भाग होता.

आता कायदा. १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगण्याची बंदी झाली आणि युरोपीयांना मात्र त्यातून सूट मिळाली. राष्ट्रसभेने १८८७च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. हा भाग आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत येतो. त्याच भीतीचा एक फाटा साहेबाच्या शिकारी रायफलीपर्यंत पोहोचला, हे मात्र सहसा येत नाही.

लष्कराची रायफल .३०३ व्यासाची. ते काडतूस खाजगी हातांत असले, तर चोरीला जाऊन सरकारविरुद्ध वापरले जाईल, म्हणून त्यावर निर्बंध. त्याआधीची लष्करी रायफल मार्टिनी-हेन्री, तिचा व्यास .४५०. त्या रायफली सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे पुष्कळ होत्या; कोहाटजवळच्या दऱ्यात गावठी कारागीर त्यांच्या हुबेहूब नकला करत. आता गंमत अशी, की १८९८मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीने मोठ्या शिकारीसाठी काढलेले आणि लगेच नावाजले गेलेले नवे काडतूसही .४५०चेच. टोपण वेगळे, पण आतली गोळी उपसून काढली तर ती मार्टिनीच्या काडतुसात बसवता येईल, अशी सरकारला धास्ती. १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान इथे .४५० व्यासाच्या शिकारी दारूगोळ्यावर बंदी आली.

वाघ, गवा, हत्ती यांच्यासाठी लोकांच्या हातात बसलेले माप असे एका फटक्यात अडचणीत आले. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी काय केले? .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी नवी मापे पुढे केली. यांतले .४७० सर्वांत टिकले. त्याची गोळी ५०० ग्रेनची, जुन्या .४५०ची ४८० ग्रेनची. दोघींचा वेग सेकंदाला सुमारे २,१५० फूट. दोन्ही गोळ्यांच्या प्रत्यक्ष व्यासातला फरक अर्धा मिलिमीटरही भरत नाही. मोठ्या शिकारीच्या रायफलींची ही नामांकित भावंडे जनावराची हाडे किंवा कातडी अभ्यासून जन्मली, असा समज आजही हौशी लोकांत आहे. प्रत्यक्षात त्यांचा जन्म एका सरकारी आदेशातून झाला. आणि ‘.४५०/४००’ नावाचे काडतूस मात्र निर्वेध राहिले, कारण त्याच्या नावात .४५० असले तरी मान आवळलेली आणि गोळी .४००च्या आसपासची. याच मापाची दुनळी पुढे कॉर्बेट यांची भारी रायफल झाली.

त्यांची हलकी रायफल कुठून आली, हे अधिक बोलके आहे. चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्यांना रिग्बीची .२७५ भेट दिली. दस्त्यावर तशी चांदीची पट्टी आहे. नाव इंग्रजी असले तरी हे काडतूस जर्मन. माउझर कंपनीने १८९०च्या दशकाच्या आरंभी काढलेले, सात मिलिमीटरचे. १८९९ ते १९०२च्या युद्धात बोअर शेतकऱ्यांनी याच काडतुसाने दूरवरून इंग्रज सैनिक टिपले होते. रिग्बी हे माउझरचे इंग्लंडमधले अडते. त्यांनी त्याच टोपणात १४० ग्रेनची हलकी, वेगवान गोळी घालून त्याला इंचातले नवे नाव दिले, आणि कालच्या शत्रूचे काडतूस साहेबाच्या शिकारखान्यात सन्मानाने दाखल झाले. हिंदुस्थानात त्याची आणखी एक सोय होती. ते इथल्या लष्कराचे नव्हते, त्यामुळे परवान्याच्या वाटेत आडवे येत नव्हते.

ही रायफल अचूक का? झटका कमी, म्हणून मारणारा बिचकत नाही. वजन कमी, म्हणून दिवसभर डोंगर चढूनही हात थरथरत नाही. एकच नळी, म्हणून दुनळीसारखी दोन नळ्या जुळवण्याची भानगड नाही. आणि जर्मन असो वा इंग्रज, काडतूस भरवशाचे. आफ्रिकेत वॉल्टर बेल याने शेकडो हत्ती याच सात मिलिमीटरने मारले. त्याचीही निवड काडतुसाच्या भरवशावर होती. मला बेलचे कौतुक वाटत नाही, पण साक्षीदार म्हणून तो पक्का आहे. हजारांत एखादाच बार फुसका जातो हे खरे. मात्र तो हजारांतला कोणता, हे आधी कळत नाही.

१९२६च्या मे महिन्यात रुद्रप्रयागला आंब्याच्या झाडावर बसून कॉर्बेट यांनी त्या नरभक्षक बिबट्यावर एकच गोळी झाडली, ती याच .२७५मधून. रायफलीला लावलेला विजेरी दिवा क्षणभर लागला, बिबट्या दिसला, बार उडाला आणि दिवा विझला. दुसरा बार काढायला उजेडच नव्हता. आठ वर्षांत सव्वाशे माणसे नेणाऱ्या जनावराचा निकाल त्या एका काडतुसावर लागला. इथे शंभर वारांवर किती बारीक मारते, या चर्चेला काय अर्थ उरतो? आपल्या जंगलात बहुतेक बार पन्नास-साठ पावलांच्या आतच निघत. अचूकता म्हणजे काल जिथे लागली तिथेच आजही लागणार, हा विश्वास. तो रायफल आणि डबा मिळून देत.

१९४७मध्ये कॉर्बेट केनियाला गेले. ती .२७५ त्यांच्या प्रकाशकांकडे आली आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा रिग्बीच्या ताब्यात. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ हे पुस्तक १९४४मध्ये प्रथम छापले गेले ते मुंबईत, ऑक्सफर्डच्या इथल्या शाखेकडून, हे जाता जाता सांगायला हवे.

मोठ्या दुनळ्यांचे पुढे काय झाले, ते संस्थानिकांच्या वाड्यांतल्या भिंती सांगतात. किनॉकने १९६०च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या शिकारी काडतुसांचे उत्पादन थांबवले. नळ्या चकचकीत, डाक शाबूत, कोरलेले माप वाचता येते. त्या मापाचा डबा मात्र नाही. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा. उशिरा का होईना, ते झाले हे बरे झाले. दारूगोळा संपणे आणि सावज संपत येणे, दोन्ही एकाच दशकात यावे, हा निव्वळ योगायोग.

.३०३वरच्या निर्बंधातून निघालेले एक काडतूस मात्र या देशात अजून जिवंत आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे मानलिखर काडतूस आठ मिलिमीटरचे. ते हिंदुस्थानच्या लष्कराचे नव्हते, एवढ्याच गुणावर बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने आपली ली-एन्फिल्ड धाटणीची शिकारी रायफल त्या मापात करून इथे विकली. इंचात ते .३१५ झाले. ज्या सैन्यासाठी ते जन्मले, ते १९१८मध्ये साम्राज्यासह विरून गेले. इकडे स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ची रायफल चालू ठेवली. परवानाधारकाला आजही ‘तीनशे पंधरा’ मिळते, ती लष्करी नव्हे म्हणूनच. साहेबाने घातलेली रेघ आपण तशीच पुढे ओढली. तिच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे सापडतात: किर्की फॅक्टरी, म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना.