थरथरणाऱ्या स्टिअरिंगचा इतिहास

गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टिअरिंग थरथरतं, शंभरला थरथर वाढते आणि आणखी वेग घेतला की कधीकधी चक्क कमी होते. गॅरेजमध्ये याला ठरलेलं उत्तर मिळतं: ‘काहीतरी ढिलं झालंय, आवळून देतो.’ मला हे उत्तर रोचक वाटतं, कारण शंभर वर्षांपूर्वी मोटारी बनवणारेही इथेच अडले होते.

1923च्या सुमारास अमेरिकेत कमी हवेचे, जाड ‘बलून’ टायर आले. पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. प्रवास मऊ झाला, पण पुढचा भाग जड झाला, टायर लवचीक झाले आणि वेगही वाढला. मग पुढची चाकं अचानक डावी-उजवीकडे फडफडू लागली. या दुखण्याला त्या काळच्या एका अंग घुसळण्याच्या नाचाचं नाव पडलं: शिमी.

सांधे आवळून ते पुरतं जाईना. मूळ होतं अखंड अ‍ॅक्सलमध्ये. एक चाक उचललं की अख्खा दांडा तिरपा होतो आणि फिरतं चाक भोवऱ्याच्या न्यायाने बाजूला वळू पाहतं. उसळीतून वळण, वळणातून पुन्हा उसळी! रोल्स-रॉइसमधून 1930 साली जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांनी हा दांडाच काढून चाकं स्वतंत्र टांगायचा आग्रह धरला. 1934च्या मॉडेलांत तसं झालं. आपल्याकडच्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि पद्मिनीची पुढची चाकंही स्वतंत्र होती. जीपचा दांडा मात्र टिकला. जुने जीपवाले ‘वॉबलिंग’ म्हणतात ते हेच.

शिमी गेली, थरथर उरली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे 2002 साली पूर्ण झाला आणि सलग शंभरने जाणं आपल्या सवयीचं झालं. त्या वेगाला साधारण मोटारीचं चाक सेकंदाला चौदा-पंधरा फेऱ्या घेतं. रिमवर तीस ग्रॅमचा असमतोल असेल, तर तो जवळपास पाच किलोच्या जोराने चाक ओढतो. त्यात हा ठेका सस्पेन्शनच्या स्वतःच्या ठेक्याशी जुळला की थरथर कळसाला पोचते.

म्हणून मी आधी विचारतो, थरथर कधी होते? ठरावीक वेगालाच होत असेल तर बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायर बघावा. फक्त ब्रेक दाबल्यावर होत असेल तर डिस्क. जोरात वेग घेतानाच होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा. स्टिअरिंगऐवजी सीट हलत असेल तर संशय मागच्या चाकांवर. पुढचे टायर मागे टाकल्यावर थरथरही मागे गेली, तर चोर सापडला.

पंचाहत्तरच्या खाली चालवून थरथर टाळता येते, आणि पुष्कळजण तेच करतात. पण टायरला आलेला फुगा किंवा झिजलेला बॉल जॉइंट वेग कमी केल्याने बरा होत नाही. तो फक्त गप्प बसतो.