धातूवर अणू फेकून काय कळतं? कॅटॅलिस्टच्या आतली गोष्ट

गाडीच्या एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, हे तुम्ही ऐकलं असेल. १९९५ मध्ये मुंबई, दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला. इंजिनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचं तो कार्बन डायऑक्साइड करतो. हे काम प्लॅटिनम, पॅलॅडियमसारखे धातू करतात आणि स्वतः मात्र खर्च होत नाहीत. अशा पदार्थाला उत्प्रेरक, म्हणजेच कॅटॅलिस्ट म्हणतात.

पण धातूवर नेमकं घडतं काय, आणि ते शास्त्रज्ञांना कळलं कसं? या लेखात मी तेवढंच सोपं करून सांगणार आहे.

पहिली अडचण : हवा

साध्या हवेत स्वच्छ धातू स्वच्छ राहतच नाही. आदळणारा प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं, तर सेकंदाच्या काही अब्जांश भागातच पृष्ठभाग झाकला जातो. दाब वातावरणाच्या साधारण एक अब्जांश केला, तरी जेमतेम काही सेकंद मिळतात. म्हणून हे प्रयोग स्टीलच्या बंद चेंबरमध्ये, त्याच्याही हजारो पट कमी दाबाला करतात. तिथे कामाला काही तास मिळतात.

हेलियमच का?

१९३० मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला एस्टरमान आणि ऑटो श्टर्न यांनी लिथियम फ्लुओराइडच्या स्फटिकावर हेलियमचा झोत सोडला. अणू ठराविक दिशांनाच जास्त परतले, म्हणजे ते लाटांसारखे वागत होते. पुढे हीच पद्धत धातूंसाठीही वापरली गेली.

हेलियम कुणाशी सहसा जुळत नाही आणि मंद झोतातला त्याचा अणू धातूच्या आत शिरत नाही. अगदी वरच्या इलेक्ट्रॉनच्या थरावरूनच तो परत फिरतो. त्यामुळे तो फक्त पृष्ठभागाबद्दल सांगतो, आणि तोही न बिघडवता.

कॅरमचा स्ट्रायकर आठवा. कडेची पट्टी मोकळी असेल तर तो ठरलेल्या कोनात परत येतो. पट्टीला सोंगटी टेकलेली असेल तर भलतीकडेच जातो. इथेही तसंच. प्लॅटिनमवर बसलेला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू दहाहून जास्त प्लॅटिनम अणूंच्या जागेवर हेलियमला विखुरतो. सरळ परतणारा झोत किती कमी झाला हे मोजलं, की पृष्ठभागावर किती रेणू बसलेत याचा अंदाज येतो.

मुख्य प्रश्न : उडता उडता की बसून?

ऑक्सिजनचा रेणू प्लॅटिनमवर आला की तुटतो आणि त्याचे दोन अणू सुटे होतात. आता कार्बन मोनॉक्साइड हवेतून येऊन थेट त्या अणूवर आदळतो, की आधी धातूवर बसतो, फिरतो आणि मग ऑक्सिजनला भेटतो?

गेऱ्हार्ड एर्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ ते १९८० दरम्यान पॅलॅडियम आणि प्लॅटिनमवर याचं उत्तर शोधलं. त्यांनी रेणूंचा झोत धातूवर सोडला आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला किती वेळ लागतो ते पाहिलं. थेट टक्कर असती तर तो जवळजवळ लगेच निघाला असता. प्रत्यक्षात मोजता येईल इतका उशीर होत होता, आणि तो धातूच्या तापमानाप्रमाणे बदलत होता. म्हणजे दोघंही आधी बसतात, मग जुळतात. पृष्ठभागावरच्या रासायनिक प्रक्रियांच्या अभ्यासासाठी एर्टल यांना २००७ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा तुमच्या गाडीशी काय संबंध?

ऑक्सिजनला तुटून बसायला शेजारशेजारच्या मोकळ्या जागा लागतात. थंड धातूवर कार्बन मोनॉक्साइडच दाटीवाटीने बसलेला असतो, ऑक्सिजनला जागाच उरत नाही. धातू तापला की हे रेणू उठू लागतात, जागा मोकळी होते आणि काम सुरू होतं. कन्व्हर्टरला त्यासाठी साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही क्षणांत जास्त विषारी धूर निघतो, त्याचं एक महत्त्वाचं कारण हेच. म्हणूनच बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवू नका. कन्व्हर्टर आहे म्हणून धोका टळत नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा

प्रयोगातला धातू म्हणजे गुळगुळीत, एकसंध स्फटिक, तोही निर्वातात. कन्व्हर्टरमध्ये मात्र धातूचे अतिसूक्ष्म कण असतात आणि दाब हवेइतका. त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा जसाच्या तसा गाडीला लावता येत नाही. पण कोणता रेणू कुठे अडतो हे एकदा कळलं, की कमी तापमानाला काम करणारा आणि महाग धातू कमी लागणारा कॅटॅलिस्ट शोधायची दिशा मिळते. माझ्या मते या प्रयोगांची खरी कमाई तीच आहे.