चावी कोणाच्या खिशात?

सायकल ही कामगाराची सवारी. आपल्या वस्तीत तासावर भाड्याने सायकल मिळायची तो काळ पुष्कळांना आठवत असेल. बिघडली की कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायची. चाकाचा आउट काढणं हे त्या कारागिराचं काम, आपण शेजारी उभं राहून बघायचं. परंतु जगात अशाही जागा निघाल्या, जिथे ज्याची सायकल त्यानेच पाना हातात घ्यायचा, येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवायचं, आणि मालक म्हणून कोणीच नाही. त्यांची हकिकत मंडळात काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना ठाऊक असावी म्हणून हा लेख. कारभार कोणी पाहायचा आणि किती दिवस, हा प्रश्न त्यांनाही चुकला नाही.

1965 साली हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून रस्त्यावर बिनकुलुपाच्या ठेवल्या. ज्याला लागेल त्याने न्यावी, काम झालं की सोडून द्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकलला कुलूप नसणं हाच तिथे गुन्हा! पुढे ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात रेल्वे इंजिनांच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत 1981 साली लोकांनी आपलं केंद्र थाटलं, आणि त्यात सायकल दुरुस्तीची खुली जागा झाली. (आमच्या गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते आपण रोज बघतोच.) फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे 1994 साली तशी संस्था निघाली, आणि 2010 साली तिथल्या अशा संस्थांचा देशपातळीवर संघ झाला. अमेरिकेतही शहराशहरांत असे कारखाने निघाले. पद्धत साधारण एकच. लोकांनी दिलेल्या जुन्या सायकली, सामाईक हत्यारं, थोडी वर्गणी, आणि सभेत सर्वांनी मिळून निर्णय.

अडचण इथून पुढे सुरू होते. सभेत सगळे सारखे, पण सभा उठली की ज्याला चाक सरळ करता येतं तो उस्ताद, आणि ज्याला येत नाही त्याच्या हाती झाडू. हिशेबाची वही ज्याला कळते ती त्याच्याकडेच राहते. चावी ज्याच्या खिशात, त्याच्या सवडीने दार उघडणार. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं, तरी तो हळूहळू मालक होतो. बायकांचा अनुभव तर आणखी वाईट. ‘द्या इकडे, मी करतो’ म्हणून तिच्या हातातला पाना काढून घ्यायचा, म्हणजे ती शिकणार कधी? म्हणून पुष्कळ ठिकाणी आठवड्यातली एक संध्याकाळ खास स्त्रियांसाठी राखून ठेवावी लागली, आणि त्या दिवशी शिकवणाऱ्याही स्त्रियाच.

जो फ्रीमन या अमेरिकन बाईंनी स्त्रियांच्या चळवळीतल्या गटांबद्दल 1972 साली एक लेख छापला, तो या प्रश्नावर फार मोलाचा आहे. नियम नाहीत, पुढारी नाहीत, असं म्हणणाऱ्या गटातही पुढारी असतोच, फक्त तो दिसत नाही आणि म्हणून त्याला जाब विचारता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. एकच काम फार दिवस एकाकडे राहिलं तर ती त्याची मालमत्ता होते. पण फार लवकर बदललं तर माणूस शिकायच्या आतच उठतो. त्यांचं हे दुसरं वाक्य आपल्याकडचे लोक विसरतात, असं मला वाटतं.

काम मालमत्ता होतं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गावात त्याला वतन म्हणत, आणि महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल मांडलं. गिरणीत जॉबर होता. भरती त्याची, देखरेख त्याची, रजाही त्याच्या मर्जीवर. त्याची पकड ढिली करायला 1935 साली बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत आणावी लागली. आणि साचाखात्यात तर अस्पृश्यांना शिरकावच नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न पुढे आणला. पगार साचाखात्यात जास्त होता, हेही लक्षात घ्या.

तेव्हा नुसती खुर्ची फिरवून भागत नाही, हुन्नरही फिरला पाहिजे. जाणाऱ्याने येणाऱ्याबरोबर काही महिने जोडीने बसावं, सगळे एकदम बदलू नयेत, हिशेब सभेत मोठ्याने वाचावा, चाव्या चार जणांकडे असाव्यात आणि त्यांची नावं भिंतीवर असावीत. ब्रेक मात्र जाणत्यानेच शेवटचा तपासावा. तिथे पाळीचा हट्ट धरला तर एखाद्याचं डोकं फुटेल.

कायद्याला अध्यक्ष लागतोच, असंही सगळीकडे नाही. फ्रान्समध्ये 1901 च्या संस्थांविषयीच्या कायद्यात अध्यक्ष असलाच पाहिजे अशी अट नाही, कारभार पाहणाऱ्यांची नावं कळवली की झालं. त्यामुळे तिथे काही संस्था अध्यक्षाशिवाय, मंडळाच्या सामाईक जबाबदारीवर चालतात. अमेरिकेतल्या कारखान्यांनी 2004 साली न्यू ऑर्लिन्स येथे ‘बाइक बाइक’ नावाचा मेळावा भरवला. त्याचं कायमचं ठिकाण ठरवलंच नाही. ज्या गावाची पाळी, त्या गावच्या मंडळींनी पाहुण्यांची सोय करायची, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गावाने.