साखरपुडा आणि सोने

विवाह ठरविण्याच्या समारंभाला मराठीत जे नाव रूढ आहे, त्या नावातच त्या समारंभाचा जुना खर्च नोंदलेला आहे. साखरपुडा म्हणजे साखरेचा पुडा. वरपक्षाकडून वधूच्या घरी साखर जाई, तिच्या कपाळी कुंकू लागे, ओटीत नारळ पडे आणि सोयरीक पक्की झाली असे चार भल्या माणसांच्या समक्ष बोलले जाई. शास्त्रकार ह्याच विधीला वाग्दान किंवा वाङ्निश्चय म्हणतात. वाणीने केलेला निश्चय, असा त्या शब्दाचा अर्थ. ह्यांपैकी कोणत्याच नावात सोन्याचा उल्लेख नाही. आज मात्र पुण्यामुंबईस काय, किंवा गोव्यातील पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांत काय, साखरपुडा म्हटला की प्रथम अंगठीचा विषय निघतो, आणि अंगठीचा विषय निघाला की घरातील कर्त्या पुरुषाच्या कपाळी आठी पडते. ही आठी कशी जावी, ह्याचा विचार सराफाच्या पेढीवर करण्यापूर्वी इतिहासाच्या दारी करणे हिताचे ठरेल.

पेडणे आणि डिचोली हे प्रांत गोव्याच्या नव्या काबिजादीतले. सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली व सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या हाती गेले. तिसवाडी, बारदेश व साष्टी ह्या जुन्या काबिजादींनी मधल्या दोन शतकांत जे सोसले, ते ह्या प्रांतांच्या वाट्याला त्या प्रमाणात आले नाही. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन स्थापन झाले. त्या न्यायासनाने १७३६ साली काढलेल्या एका मोठ्या जाहीरनाम्यात नवख्रिस्ती कुटुंबांनी पाळू नयेत अशा देशी रीतिरिवाजांची लांबलचक यादी आहे. विवाहप्रसंगी फुले, पाने, सुपाऱ्या देण्याघेण्यालाही तीत मज्जाव केलेला आढळतो. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. जुन्या समाजाचा जीव सोन्याच्या दागिन्यात नसून विड्याच्या पानात आहे, हे त्या कठोर न्यायाधीशांनी बरोबर ओळखले होते. पान दिले, पान घेतले, की नाते जुळले.

इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. नव्या काबिजादींत हिंदूंचे आचार राखण्याचे धोरण पोर्तुगीज सरकारने स्वीकारले, आणि तेथील रूढींची संहिता १८५३ साली सिद्ध झाली. त्यामुळे पेडणे-डिचोलीकडील घरांतून सोयरीक ठरविण्याची जुनी पद्धत मोडली नाही. ग्रामदेवतेच्या अंगाला पाकळ्या लावून कौल घ्यावा, उजवा प्रसाद झाला की बोलणे पुढे न्यावे आणि नारळ-साखरेने ते पक्के करावे, अशी ती रीत. पाकळी, नारळ, साखर, पान आणि शब्द एवढ्या सामग्रीवर दोन घराणी जन्मभराची बांधली जात.

मग अंगठी आली कोठून? अंगठी भारताला परकी नाही. कोकणीत तिला मुदी म्हणतात, संस्कृतात मुद्रिका. मुद्रा म्हणजे ठसा किंवा शिक्का. अशोकवनात सीतेपुढे मारुतीने ठेवली ती रामाची मुद्रिका. दुष्यंताला शकुंतलेची आठवण पटली तीही मुद्रिकेने. ह्या दोन्ही कथांत अंगठी ही ओळख पटविणारी खूण आहे. ती किती गुंजांची होती, हे कोणी विचारीत नाही. पश्चिमेकडेही आरंभी हेच होते. रोमन ग्रंथकार प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो की, वाग्दत्त वधूला पाठविण्याची अंगठी त्याच्या काळापर्यंतही लोखंडाची असे, आणि तीत खडा नसे. पुढे ख्रिस्ती विवाहविधीत अंगठीला आशीर्वादाचे स्थान मिळाले आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत ती त्याच वाटेने आली. हिऱ्याच्या अंगठीचा आग्रह तर त्याहूनही कितीतरी अलीकडचा. हिऱ्यांच्या व्यापारावर प्रभुत्व असलेल्या डी बिअर्स कंपनीसाठी अमेरिकेतील एका जाहिरात-संस्थेत १९४७ साली ‘हिरा चिरंतन आहे’ अशा आशयाचे घोषवाक्य रचले गेले, आणि पाहता पाहता एका कंपनीची जाहिरात अर्ध्या जगाची रूढी होऊन बसली. हिंदू घरांतून साखरपुड्याला वधूवरांनी परस्परांस अंगठी घालण्याची चालही अशीच नवी आहे. नवी चाल वाईट असते असे नव्हे; परंतु तिला शास्त्राज्ञेचा मान देऊन तिच्यासाठी ऋण काढणे शहाणपणाचे नव्हे.

ह्यावर असा आक्षेप निघेल की, सोने म्हणजे काही निव्वळ शोभा नव्हे. ती अडीअडचणीची ठेव आहे. हा आक्षेप खरा आहे. ज्या काळी गावात पेढी नव्हती, त्या काळी स्त्रीच्या अंगावरचे सोने हीच घराची पेढी होती. म्हणून तर त्याच्या वजनाचा हिशेब गुंजेपर्यंत होई. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. गोव्यात सोनाराला आदराने शेट म्हणतात. घरचे सोने शेटकडे द्यावयाचे ते वजन करून, आणि दागिना घ्यावयाचा तोही वजन करून, असा परिपाठ असे. ही दक्षता फार जुनी आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सोनाराच्या कामावर देखरेख कशी ठेवावी ह्यासाठी स्वतंत्र प्रकरणे लिहिली आहेत. खोटा तराजू, सोने काढून हलका धातू मिसळणे, वरून पत्रा चढविणे, अशा लबाडीच्या वाटा त्याने एकेक करून मोजल्या आहेत.

सोने ही ठेव आहे, ही समजूत किती खोल रुजलेली आहे ते १९६३ साली दिसून आले. १९४७ नंतर भारतात सोन्याच्या आयातीवर कडक बंधने होती. पोर्तुगीज गोव्यात तशी नव्हती. साहजिकच गोवा हे चोरट्या सोन्याचे एक दार बनले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ते दार मिटले. त्यानंतर जेमतेम तेरा महिन्यांनी, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई ह्यांनी सुवर्ण-नियंत्रण जारी केले. चिनी आक्रमणानंतरचा तो काळ. परकीय चलन वाचविण्याचा हेतू होता. नवा दागिना चौदा कॅरेटहून अधिक कसाचा करू नये, असा नियम झाला. देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या आणि कारागिरांची कुटुंबे उघडी पडली. लोकांनी चौदा कॅरेटचे सोने मनाने स्वीकारले नाहीच. कसाची ही मर्यादा १९६६ साली उठली. पुढे १९६८ चा सुवर्ण-नियंत्रण कायदा आला आणि तोही १९९० साली रद्द झाला.

सरकारची चूक अशी की, त्याने शोभेचे सोने आणि ठेवीचे सोने ह्यांना एकच माप लावले. आज साखरपुड्याच्या खरेदीत यजमान हीच चूक उलट बाजूने करतात. अंगठी खूण म्हणून घ्यावयाची असते. ती ठेव म्हणून जड केली जाते, आणि पाहुण्यांच्या नजरेसाठी खड्यांनी मढविली जाते. परिणामी ती धड खूणही राहत नाही आणि धड ठेवही होत नाही. चार ग्रॅमच्या बावीस कॅरेट अंगठीत शुद्ध सोने साडेतीन ग्रॅमहून थोडे अधिक असते. चौदा कॅरेटच्या तितक्याच वजनाच्या अंगठीत ते सव्वादोन ग्रॅमहून थोडे अधिक भरते. बोटात दोन्ही सारख्याच दिसतात; उलट चौदा कॅरेटची अंगठी कठीण असल्याने कमी झिजते. खुद्द पोर्तुगालात पारंपरिक दागिन्यांचा कस हजारी आठशे, म्हणजे १९.२ कॅरेट आहे. तेथील वधू त्यामुळे उणी ठरत नाही. खूण हलकी असावी. वाचलेल्या रकमेचे सोने घ्यावयाचेच असेल, तर ते साध्या घडणीचे, मजुरी कमी लागणारे असे वेगळे घ्यावे.

ठेवीची गरज डिचोलीला सांगावी लागत नाही. १९५० नंतर तेथील लोहखनिज जपानकडे जाऊ लागले आणि खाणींच्या आधाराने अनेक घरे वर आली. २०१२ साली खाणी बंद पडल्या. पुन्हा सुरू होऊन २०१८ साली परत थांबल्या. ज्यांनी मालमोटारी घेतल्या होत्या, त्यांच्या दारी मोटार उभी राहिली आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले. अशा दिवसांत साधी बांगडी उपयोगी पडते. मोडीला नेलेल्या दागिन्याची मजुरी परत मिळत नाही, आणि खड्यांचे मोल बहुधा विकत घेतानाच संपलेले असते.

वधूचे खरे संरक्षण गोव्यात आणखी एका ठिकाणी आहे. १८७० साली गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला, आणि १९११ पासून नवा विवाहकायदा अंमलात आला. त्यानुसार वधूवर प्रथम नोंदणी-अधिकाऱ्यापुढे विवाहाचा हेतू जाहीर करून सही करतात. मुदतीनंतर दुसरी सही होते. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक होते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा ठरतो. हे तत्त्व मुक्तीनंतरही टिकून आहे. अंगठीची घडण निवडण्यात जेवढा वेळ जातो, त्याचा चौथा हिस्सा जरी त्या सहीपूर्वीचे कागद वाचण्यात गेला, तरी मुलीचे कल्याण होईल.

खरेदीला जावयाचेच, तर जुन्या दक्षतेला आजच्या साधनांची जोड द्यावी. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आहे, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळख असल्याखेरीज तो विकता येत नाही. चौदा व अठरा कॅरेटलाही ही कसोटी आहे. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्यांचे वजन, मजुरी आणि घट हे आकडे वेगवेगळे मागावेत. खडा सोन्याच्या भावाने तोलला जात नाही ना, हे पाहावे. घरात आजीचे मोडके कुडे किंवा तुटलेली साखळी असेल, तर तिची अंगठी करून घ्यावी. नवे सोने विकत घ्यावे लागत नाही, आणि खुणेला कुळाची आठवण मिळते. मुख्य म्हणजे अंगठीचा आकडा दोन्ही घरांनी एकत्र बसून आधी ठरवावा आणि दोन्ही बाजूंनी सारखाच ठेवावा. न बोललेल्या अपेक्षेएवढे महाग काहीच नसते.

महात्मा फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ साली लावलेल्या पहिल्या विवाहात पानसुपारीपलीकडे फारसा खर्च नव्हता. तो विवाह आजही इतिहासात आदराने सांगितला जातो. त्याच काळात कर्ज काढून थाटलेली किती लग्ने झाली असतील; त्यांची आठवण सावकाराच्या वहीपुरतीच राहिली. नाकापेक्षा मोती जड होऊ नये, असे जुनी माणसे सांगत आली. तेच बोटाला आणि अंगठीलाही लागू आहे. साखरेचा पुडा देऊन दिलेला शब्द पेडणे-डिचोलीच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. शब्द पाळणारे घर मिळाले, तर एका गुंजेची मुदीही पुरते.