प्लेजिअरिझम १० टक्क्यांच्या आत आलं, म्हणजे थीसिस सुटला का?

पीएचडी करणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर सबमिशनच्या दिवसांत एकच प्रश्न फिरत असतो: "तुझे किती टक्के आले?" नऊ आले तर अभिनंदन. तेरा आले तर काळजी, आणि तेराचे नऊ करून देणाऱ्या कुणाचा तरी मोबाइल नंबर लगेच खाली येतो. या टक्क्यांमागे एक नियम आहे, पण तो वाचलेले लोक कमी आणि ऐकलेले जास्त.

आधी एक फरक लक्षात घ्या. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या नेणं, डमी बसवणं, पेपर फोडणं याला आपण 'कॉपी' किंवा गैरप्रकार म्हणतो आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून वेगळा कायदा आहे. प्रबंध, शोधनिबंध, प्रोजेक्ट रिपोर्ट यांत दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं म्हणजे वाङ्मयचौर्य, म्हणजेच प्लेजिअरिझम. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१८ मध्ये नियमावली आणली. तिच्यातली शिक्षा पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या विद्यार्थ्यांना तसंच प्राध्यापकांना लागू होते.

नियमावलीत चार पातळ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत जुळणी असेल तर ती किरकोळ समजली जाते, शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर विद्यार्थ्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही. ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. प्राध्यापकांच्या लेखनात चोरी सिद्ध झाली तर पातळीनुसार लेखन मागे घ्यावं लागतं, वेतनवाढ थांबते, दोन ते तीन वर्षं नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

हे टक्के नेमके कशाचे?

सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही. ते फक्त मजकूर जुळवतं. तुमच्या फाइलचे लहान लहान तुकडे करून ते वेबसाइट्स, जर्नल्स आणि आधी जमा झालेल्या प्रबंधांशी ताडून पाहतं आणि किती शब्द कुठे सापडले ते सांगतं. ते शब्द तिथे का आहेत, हे त्याला कळत नाही. अवतरण चिन्हांत, नावासकट दिलेला उतारा असो की गुपचूप उचललेला, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

म्हणून नियमावलीत काही गोष्टी मोजणीतून वगळल्या आहेत: श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित सूत्रं. सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने सारखे आलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरायचे नाहीत. पण यातलं बरंचसं वगळायला रिपोर्ट काढणाऱ्याने सेटिंग बदलावं लागतं, किंवा रिपोर्ट उघडून एकेक जुळणी तपासावी लागते. घाईत नुसता पहिल्या पानावरचा आकडा पाहिला जातो. कलमं उद्धृत करणारा कायद्याचा विद्यार्थी २२ टक्क्यांनी घामाघूम होतो तो त्यामुळेच.

आता उलट बाजू पाहा. समजा प्रबंध ६०,००० शब्दांचा आहे. त्याचे १० टक्के म्हणजे ६,००० शब्द. पानाला ३०० शब्द धरले तर वीस पानं. कुणाच्या तरी पुस्तकातलं आख्खं प्रकरण शब्दशः उचललं तरी आकडा 'सुरक्षित' राहू शकतो. म्हणजे नियमाने शिक्षेसाठी एक रेघ आखली आणि आपण तिचा अर्थ 'इतकं उचलायला परवानगी आहे' असा लावला. आमच्या मते या नियमावलीचं सगळ्यात मोठं नुकसान हेच झालं: विद्यार्थी चोरीला घाबरायचं सोडून आकड्याला घाबरायला लागला.

आकडा खाली आणायच्या युक्त्याही मग आल्या. इंग्रजी अक्षराच्या जागी हुबेहूब दिसणारं रशियन अक्षर टाकणं, परिच्छेदाचा फोटो करून चिकटवणं, शब्द बदलून देणाऱ्या वेबसाइटमधून मजकूर काढणं. या शेवटच्या प्रकाराचे विनोदी पुरावे २०२१ मध्ये काही संशोधकांनी छापील शोधनिबंधांतून गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफीट कॉन्शसनेस', म्हणजे खोटी जाणीव! सॉफ्टवेअरला यात जुळणारं काही दिसत नाही, पण विषय माहीत असलेला माणूस पहिल्याच ओळीला थांबतो. एआयने लिहिलेल्या मजकुराचंही तेच. तो कुठून जसाच्या तसा उचललेला नसल्यामुळे टक्के कमी येतात, आणि 'हे एआयने लिहिलंय' असं सांगणाऱ्या टूल्सवर विसंबता येत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं टूल पुरेसं अचूक नसल्याचं सांगून २०२३ मध्ये बंद केलं.

मराठी प्रबंधांचं काय?

मराठीतून पीएचडी करणाऱ्यांना आकडा सहसा छळत नाही. कारण साधं आहे: ताडून पाहायला समोर मजकूरच कमी. आपली बहुतेक जुनी समीक्षा, नियतकालिकं, गौरवग्रंथ इंटरनेटवर असले तरी स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात आहेत. अनेक वर्षं प्रबंध श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप होत होते. पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या आत भलतंच चिन्ह साठवलेलं असतं. सॉफ्टवेअर ते भलतंच वाचतं.

आणि भाषांतर? इंग्रजी ग्रंथातली चार पानं मराठीत आणून संदर्भ न देता घातली, तर जुळणी शून्याच्या आसपास येऊ शकते. पण यूजीसीच्या व्याख्येत दुसऱ्याच्या कामाबरोबर दुसऱ्याची कल्पना आपली म्हणून दाखवणंही चोरीच आहे. भाषा बदलल्याने मालक बदलत नाही. दोन टक्क्यांचा मराठी प्रबंध बारा टक्क्यांच्या इंग्रजी प्रबंधापेक्षा जास्त चोरलेला असू शकतो, आणि ते ओळखायला दोन्ही भाषा वाचणारा परीक्षकच लागतो.

असा वाचणारा भेटला की काय होतं, हे २००२ मध्ये दिसलं होतं. कुमाऊं विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातला एक शोधनिबंध स्टॅनफर्डच्या प्राध्यापिकेच्या निबंधावरून उचलल्याचं उघड झालं. सहलेखक म्हणून खुद्द कुलगुरूंचं नाव होतं. स्टॅनफर्डच्या भौतिकशास्त्रज्ञांनी, ज्यांत नोबेल विजेतेही होते, थेट राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिलं. २००३ मध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं.

पदवी मिळाल्यावरही सुटका नाही

पदवीनंतर प्रबंध 'शोधगंगा' या खुल्या संग्रहात जातो. तिथे तो कुणीही, कधीही उघडून वाचू शकतं. चोरी नंतर सिद्ध झाली तर समितीने ठरवलेल्या काळासाठी पदवी स्थगित ठेवायची तरतूद नियमावलीत आहे. त्या पदवीवर नोकरी लागलेल्या माणसासाठी हे प्रकरण ६० टक्क्यांच्या शिक्षेहून लहान नाही. गाइडही मोकळा नाही, कारण काम चोरीमुक्त असल्याचं प्रमाणपत्र त्याने दिलेलं असतं.

तपासणीसाठी दुकानात पैसे मोजण्याआधी आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारा. २०१९ पासून 'शोधशुद्धी' योजनेखाली विद्यापीठांना हे सॉफ्टवेअर सरकारकडून मिळतं. बाहेर तपासण्यात आणखी एक धोका आहे. काही सेवा तुमची फाइल साठवून ठेवतात. मग विद्यापीठातल्या अंतिम तपासणीत तुमचा प्रबंध तुमच्याच जुन्या मसुद्याशी जुळतो आणि आकडा ९० च्या वर जातो.

तसं झालं, किंवा कुणी खोटी तक्रार केली, तर घाबरून पुन्हा लिहायला बसू नका. आधी जुळणीचा पूर्ण रिपोर्ट मागा. तक्रार प्रथम विभागाच्या समितीकडे जाते, मग संस्थेच्या. दोघींनाही प्रत्येकी ४५ दिवसांची मुदत असते. आरोप निःसंशय सिद्ध झाल्याशिवाय, बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाल्याशिवाय आणि अपिलाचे सगळे मार्ग संपल्याशिवाय शिक्षा देता येत नाही, असं नियमावलीतच लिहिलेलं आहे.