उलटा वाचलेला आकडा

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर ज्याने रात्र काढली आहे, त्याला 'एबीजी' ही अक्षरं आयुष्यभर विसरता येत नाहीत. मनगटातून रक्त घेतात, आणि थोड्या वेळाने डॉक्टर येऊन व्हेंटिलेटरची बटणं फिरवून जातात. ही तपासणी रोजच्या वापरात आली ती एका चुकीतून.

१९५२ चा ऑगस्ट, कोपनहेगन. पोलिओची भयंकर साथ. ब्लेगडॅम हॉस्पिटलात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट, त्यात कितीतरी लहान मुलं, आणि आयर्न लंग फक्त एक! शिवाय छातीवर बसवायची सहा यंत्रं. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ गेले.

आणि जाताना निळे पडत नव्हते, कारण ऑक्सिजन चालू होता. घाम यायचा, ब्लडप्रेशर चढायचं, मग सगळं संपायचं. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजला तर खूप वाढलेला. या आकड्यात मोठा वाटा बायकार्बोनेटचा, म्हणजे अल्कलीचा. त्यामुळे निष्कर्ष निघाला की रक्तात अल्कली वाढली आहे. कशाने, ते कुणाला सांगता येईना.

ब्यॉर्न इब्सेन भूलतज्ज्ञ होते. ऑपरेशन टेबलवर दुसऱ्याचा श्वास आपण चालवायचा, हे त्यांचं रोजचं काम. ते म्हणाले, अल्कली कसली, वायू आत कोंडलाय, माणसं गुदमरताहेत. हा आकडा दोन्ही कारणांनी वाढतो. खरं काय ते पीएच सांगतो. प्रयोगशाळेतल्या पॉल आस्ट्रुप यांनी तो मोजला, तर रक्त चक्क आम्ल!

२७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी शेवटच्या घटका मोजत होती. श्वासनलिकेत नळी घातली तरी ती इतकी झगडत होती की हवा आत जाईना. इब्सेननी तिला भुलीचं औषध दिलं. ती शांत झाली आणि मग ते रबरी पिशवी दाबत राहिले. घाम थांबला, ब्लडप्रेशर उतरलं. दाबणं थांबवलं की पुन्हा तेच. ती मुलगी पुढे बरीच वर्षं जगली.

पण इतक्या जणांच्या पिशव्या दाबणार कोण? मेडिकलचे विद्यार्थी! सुमारे १५०० पोरंपोरी पाळ्या लावून महिनोन्‌महिने खाटेशी बसून होती. एकेका वेळी सत्तरच्या आसपास पेशंट असे हाताने श्वासावर ठेवलेले. आपली पाळी संपेपर्यंत ते समोरच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवायचे.