ओस पडलेला रस्ता

१८३८ साली लुई दागेर यांनी पॅरिसमध्ये वरच्या खिडकीतून ‘बुलव्हार द्यू ताँप्ल’ या रस्त्याचे छायाचित्र घेतले. छपरे, धुरांडी, झाडे सारे दिसते. रस्ता मात्र ओस. वास्तविक हा नाट्यगृहांचा, गजबजलेला रस्ता. घोड्यांच्या सार्वजनिक ऑम्निबस गाड्याही पॅरिसमध्ये १८२८ पासून धावत होत्या. मग वाहने गेली कुठे?

ती तिथेच होती. आयोडीनची वाफ दिलेल्या चांदीच्या पत्र्यावर प्रतिमा नोंदली जायला काही मिनिटे लागत. धावती गाडी एका जागी क्षणभरच असे. उरलेला सारा वेळ तिच्यामागच्या फरसबंदीचाच प्रकाश येई. म्हणून फरसबंदी उमटली, गाडी नाही. बूट पुसून घेणारा एक माणूस तेवढा दिसतो, कारण तो पाय रोवून उभा होता. तारायंत्राचे सॅम्युएल मोर्स यांनी १८३९ मध्ये हे चित्र पाहिले, तेव्हा त्यांनाही याचेच नवल वाटले. आम्हांला चुटपुट लागते ती बूट पुसणाऱ्याची. त्याचे हात चालू होते, म्हणून तो पुसटच राहिला.

१८५९ मध्ये एडवर्ड अँथनी यांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरची रहदारी टिपली. कोलोडियन लावलेली काच दागेर यांच्या पत्र्यापेक्षा अधिक संवेदनशील होती. स्टिरिओ कॅमेऱ्यातील प्रतिमा लहान, त्यामुळे गाडी काचेवर सरकतेही कमीच. शिवाय आखूड नाभीय अंतराच्या भिंगाने प्रतिमा उजळ पडते. ऑम्निबस अखेर चित्रात आल्या.

जुन्या शहराचा फोटो वर्गात आणला तर आधी झाडांची पाने पाहू या. पाने धूसर आणि घरांच्या कडा रेखीव असतील, तर ‘रहदारी नव्हती’ असे फळ्यावर लिहायची घाई नको.